कुतूहलाची चाकरी : सर सी. व्ही. रामन

समुद्र निळा का दिसतो, तबल्याचा नाद साध्या ढोलापेक्षा सुरेल का लागतो, घुमटाच्या भिंतीशी कुजबुजले तरी पलीकडच्या टोकाला स्पष्ट ऐकू का येते, हिरा एवढा का झळकतो, असे प्रश्न शाळकरी वयात अनेकांना पडतात. बहुतेकांच्या बाबतीत ते शालान्त परीक्षेपर्यंत विरून जातात. ज्यांचे प्रश्न टिकून राहतात, त्यांच्यासमोर लवकरच आणखी एक प्रश्न उभा ठाकतो आणि तो बहुधा घरातूनच विचारला जातो : भौतिकशास्त्र शिकून पुढे करणार काय? भारताला विज्ञानातील पहिले नोबेल पारितोषिक मिळवून देणारे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले होते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण केले जाते. परंतु त्यांच्या शोधामागे सरकारी हिशेब खात्यात काढलेली दहा वर्षे उभी आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. रामन यांचे चरित्र समजून घ्यायचे, तर त्या दहा वर्षांपासून सुटका नाही.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. आठ भावंडांपैकी ते दुसरे. वडील चंद्रशेखर अय्यर हे शिक्षक. रामन चार वर्षांचे असताना वडिलांना विशाखापट्टणमच्या महाविद्यालयात गणित आणि भौतिकशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब समुद्रकाठच्या त्या गावी आले. घरात पैसा बेताचा, पण पुस्तके आणि संगीत भरपूर. वडील व्हायोलिन वाजवीत. भौतिकशास्त्राची पुस्तके आणि तंतुवाद्याचे स्वर एकाच घरात ऐकत वाढलेल्या या मुलाला पुढे या दोहोंचा संबंध शोधावासा वाटला, यात नवल नाही. वयाच्या अकराव्या वर्षी मॅट्रिक आणि तेराव्या वर्षी इंटरमीजिएट उत्तीर्ण होऊन ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. १९०४ मध्ये ते बी.ए. झाले, तेव्हा त्यांचा क्रमांक विद्यापीठात पहिला होता आणि भौतिकशास्त्राचे सुवर्णपदकही त्यांच्याकडे आले होते. वय अवघे पंधरा.

एवढ्या हुशार विद्यार्थ्याने इंग्लंडला जावे, असे अध्यापकांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु मद्रासच्या सिव्हिल सर्जनने त्यांची प्रकृती तपासली आणि या किरकोळ अंगकाठीच्या मुलाला तिकडची थंडी मानवणार नाही, असा अभिप्राय दिला. रामन मद्रासलाच राहिले आणि एम.ए.साठी त्यांनी भौतिकशास्त्र घेतले. त्यांचे प्राध्यापक जोन्स यांनी त्यांना वर्गात अडकवून ठेवले नाही. प्रयोगशाळेत हवे ते करण्याची मुभा दिली. या मोकळिकीचा रामन यांनी पुरेपूर उपयोग केला. वर्णपटमापकावर लोलकाचा कोन मोजण्याचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला करावा लागतो. तो करताना लोलकाच्या पृष्ठभागावर प्रकाश फार तिरका पडला की काही प्रकाशपट्टे दिसतात आणि ते दोन्ही बाजूंना सारखे नसतात, हे त्यांच्या नजरेस आले. इतरांनी हा यंत्रातील दोष समजून सोडून दिला असता. रामन यांनी मोजमापे घेतली, त्यामागचे गणित मांडले आणि लेख लिहून प्राध्यापकांच्या हाती ठेवला. बरेच दिवस उत्तर आले नाही, तेव्हा तो थेट लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’कडे पाठवून दिला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय तेव्हा अठरा वर्षे होते.

जानेवारी १९०७ मध्ये रामन एम.ए. झाले आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. आजच्या विद्यार्थ्याला त्यावेळच्या परिस्थितीची कल्पना येणे अवघड आहे. देशात संशोधन करण्यासाठी पगार देणारी संस्था जवळपास नव्हती. महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुतांशी युरोपियनांकडे होत्या आणि त्या जागी पोचलेल्या भारतीयाला कमी वेतन मिळे. कलकत्त्याला जगदीशचंद्र बसू यांनी या अन्यायाविरुद्ध तीन वर्षे पगारच स्वीकारला नव्हता. आय.सी.एस.ची परीक्षा लंडनला होत असल्याने तो मार्ग प्रकृतीमुळे बंद. उरली ती वित्त खात्याची स्पर्धा परीक्षा. थोरले बंधू सुब्रह्मण्यन याच खात्यात होते. इतिहास, अर्थशास्त्र यांसारखे कधी न शिकलेले विषय रामन यांनी थोड्या दिवसांत तयार केले आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये झालेल्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला. मध्यंतरी विवाहही झाला. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. वधूची निवड रामन यांनी स्वतः केली होती आणि पोटजात निराळी असल्याने काही वडीलधाऱ्यांची नापसंतीही पत्करली होती. १९०७ च्या मध्यास हे नवविवाहित दाम्पत्य कलकत्त्यास पोचले. रामन सहायक महालेखापाल झाले होते. प्रतिष्ठा होती, भरपूर पगार होता आणि निवृत्तीपर्यंतची निश्चिंती होती. त्या काळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने मुलाचे कल्याण झाले होते.

कलकत्त्यात आल्यावर थोड्याच दिवसांत कचेरीच्या वाटेवर ट्रामगाडीतून त्यांना बहूबाजार रस्त्यावर २१० क्रमांकाच्या इमारतीवर एक पाटी दिसली. ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ असे नाव त्यावर होते. डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकीय व्यावसायिकाने लोकांकडून वर्गणी जमवून १८७६ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. भारतीयांनी भारतीयांसाठी चालवलेले विज्ञान संशोधनाचे स्थान असावे, हे त्यांचे स्वप्न. व्याख्याने होत असत, उपकरणेही होती. परंतु ती हाताळून संशोधन करणारा कोणी मिळाला नाही आणि ही खंत मनात ठेवूनच १९०४ मध्ये सरकार वारले. रामन यांनी दार ठोठावले, तेव्हा ते आशुतोष डे यांनी उघडले. हे आशूबाबू पुढे सुमारे पाव शतक त्यांचे प्रयोगशाळेतील सोबती झाले. संस्थेचे चिटणीस अमृतलाल सरकार हे महेंद्रलालांचे पुत्र. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, तो माणूस आपणहून चालत आल्याचे पाहून त्यांनी रामन यांना संस्था मोकळी करून दिली.

तेव्हापासून रामन यांचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे साडेपाचला प्रयोगशाळेत जायचे, पावणेदहाला घरी येऊन घाईघाईने जेवायचे आणि कचेरी गाठायची. संध्याकाळी पाचला कचेरीतून परस्पर पुन्हा प्रयोगशाळा, ती रात्री नऊ-दहापर्यंत. रविवार संपूर्ण तिथेच. हिशेबाच्या कामात कुचराई केली असे मात्र नाही. कार्यक्षम अधिकारी म्हणून त्यांचा खात्यात लौकिक होता. १९०९ मध्ये रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला बदली झाली, तेव्हा कलकत्त्याची प्रयोगशाळा सुटली. नागपुरात महालेखापालांच्या कचेरीतील काम आटोपल्यावर घरातच प्रयोगांची मांडणी करून त्यांनी काम चालू ठेवले. १९११ मध्ये टपाल व तार खात्याच्या हिशेबाचे काम घेऊन ते पुन्हा कलकत्त्यास आले आणि जुना दिनक्रम सुरू झाला. कचेरीबाहेरच्या वेळात केलेल्या या संशोधनावरचे लेख ‘नेचर’, ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’, ‘फिजिकल रिव्ह्यू’ यांसारख्या नियतकालिकांत येत राहिले.

हे सारे कलकत्ता विद्यापीठाचे सर आशुतोष मुखर्जी पाहत होते. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असलेल्या आशुतोषबाबूंनी कायदेपंडित तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभारण्याचे काम हाती घेतले होते. पालित यांच्या देणगीतून भौतिकशास्त्राचे एक अध्यासन निर्माण झाले. ते भारतीयालाच द्यावे अशी दात्याची अट होती. त्या अध्यासनावर रामन यांना नेमण्याचे आशुतोषबाबूंनी ठरवले. अडचणी दोन होत्या. प्राध्यापकाने परदेशात शिक्षण घेतलेले असावे, असा नियम होता आणि त्यासाठी परदेशी जाण्यास रामन तयार नव्हते. अखेर विद्यापीठानेच तो आग्रह सोडला. दुसरी अडचण पगाराची. प्राध्यापकाचे वेतन सरकारी पगाराच्या जवळपास निम्मे होते. शिवाय पुढे खात्यातील अत्युच्च पदापर्यंत जाण्याची शक्यता सोडून द्यावी लागणार होती. महायुद्ध आणि इतर कारणांमुळे प्रत्यक्ष रुजू होण्यास जुलै १९१७ उजाडला. अठ्ठावीस वर्षांच्या रामन यांनी राजीनामा दिला आणि ते पूर्णवेळ भौतिकशास्त्रज्ञ झाले.

या निर्णयाचे वर्णन अनेकदा एका झटक्यात केलेला त्याग असे केले जाते. ते तसे नव्हते. दहा वर्षे दोन्ही कामे शेजारी शेजारी चालवून आपल्याला कोणते सोडता येईल आणि कोणते येणार नाही, याची त्यांनी परीक्षा घेतली होती. नोकरीने घर चालवले, पहाट आणि रात्र त्यांची स्वतःची राहिली आणि विद्यापीठाचे बोलावणे आले, तेव्हा दाखवण्यासाठी हातात काम होते. ज्या घरात वडिलांच्या मासिक वेतनावर आठ भावंडे वाढली, त्या घरातील मुलाने पोटाचा प्रश्न आधी सोडवला, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

या काळातील त्यांचे बरेचसे संशोधन वाद्यांवर आहे. व्हायोलिनची तार गजाने घासली की नेमकी कशी हलते, हे पाहण्यासाठी त्यांनी यंत्राने वाजणारे व्हायोलिन तयार केले. त्यात गजाचा वेग आणि दाब हवा तसा ठेवता येई. तंबोऱ्याच्या बाबतीत त्यांना एक कोडे दिसले. तारेच्या ज्या बिंदूवर छेडले जाते, तिथे ज्या उपस्वराची स्थिर जागा असते, तो उपस्वर उमटू नये असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात मात्र तेही उपस्वर भरभरून उमटतात. रुंद, वक्र घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला सुती दोरा यांच्यामुळे हे घडते, असे त्यांनी दाखवले. जवारी लावताना कारागीर तो दोरा बोटाने मागेपुढे का करीत बसतो, याचे शास्त्रीय उत्तर त्यात होते.

तबला आणि मृदंग यांच्यावरचे काम तर याहून रंजक आहे. सर्वत्र सारख्या जाडीचे गोल कातडे ताणून वाजवले, तर त्याची निरनिराळी कंपने मूळ कंपनाच्या पूर्णांकी पटीत नसतात. त्यामुळे कानाला सूर सापडत नाही, नुसता आवाज येतो. तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाई लावली की कातड्याचे वजन मध्यभागी वाढते आणि कंपनांच्या वारंवारता बदलून एक, दोन, तीन, चार, पाच अशा सुबक प्रमाणात येऊन बसतात. तंतुवाद्याप्रमाणे सूर धरणारे हे चर्मवाद्य आहे, हे रामन आणि त्यांचे सहकारी शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. शाईचे थर घोटून घोटून चढवणाऱ्या, नाव माहीत नसलेल्या कारागिरांनी शतकांपूर्वी जे कानाने साधले होते, त्याचे गणित आता कागदावर आले. नित्याच्या वस्तूकडे पाहून प्रश्न विचारण्याची रामन यांची पद्धत इथे स्पष्ट दिसते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नव्हती.

१९२१ मध्ये रामन प्रथमच परदेशी गेले. ऑक्सफर्डला ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांची परिषद होती. लंडनमध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या कुजबुजत्या सज्जात त्यांनी ध्वनीचे प्रयोग करून पाहिले. मायदेशी आल्यावर विजापूरच्या गोलघुमटासारख्या इथल्या वास्तूंकडेही ते याच दृष्टीने पाहू लागले. मात्र या प्रवासाचे खरे फलित परतीच्या वाटेवर, ‘नारकुंडा’ या जहाजावर मिळाले. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रचलित स्पष्टीकरण पटेना. आकाश निळे दिसते ते हवेच्या रेणूंनी निळा प्रकाश अधिक प्रमाणात विखुरल्यामुळे, हे लॉर्ड रॅले यांनी सिद्ध केले होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे पाण्यात पडलेले आकाशाचे प्रतिबिंब, असे रॅले यांचे मत होते. रामन यांच्या खिशात निकोलचा लोलक होता. पृष्ठभागावरून विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश या लोलकातून पाहिल्यास अडवता येतो. तसे करून आकाशाचे प्रतिबिंब त्यांनी पुसून टाकले. निळा रंग गेला नाही. उलट तो अधिक खुलून दिसला. म्हणजे तो रंग पाण्याच्या अंतर्भागातूनच येत होता. जहाज मुंबई बंदरात आले, तेव्हा या निरीक्षणाचे टिपण तयार होते. त्यावर मुंबई बंदर, २६ सप्टेंबर १९२१ असा पत्ता व तारीख घालून त्यांनी ते ‘नेचर’कडे रवाना केले.

आजच्या माहितीनुसार समुद्राच्या निळाईमागे दोन गोष्टी आहेत. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि उरलेल्या निळसर प्रकाशाचा काही अंश पाण्याचे रेणू व त्यातील सूक्ष्म कण परत वर पाठवतात. रामन यांनी यातील रेणूंचा वाटा पुढे आणला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, द्रवपदार्थातून प्रकाश विखुरतो कसा, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला. कलकत्त्यात परतताच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना या कामाला जुंपले. पाणी, अल्कोहोल, ग्लिसरीन, बर्फ, काच, जे मिळेल त्यातून प्रकाश पाठवून पाहण्यास सुरुवात झाली.

१९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. द्रवावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या वाटेत जांभळी काच ठेवली आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या वाटेत, डोळ्यापुढे, हिरवी काच धरली. पहिल्या काचेतून जो रंग येतो तो दुसरीतून जाऊच शकत नाही, त्यामुळे अंधार दिसायला हवा होता. प्रत्यक्षात अगदी क्षीण उजेड दिसत राहिला. याचा अर्थ, द्रवातून जाताना थोड्या प्रकाशाचा रंगच बदलला होता. द्रवात काही अशुद्ध पदार्थ असून त्याची ही चमक असेल, असे प्रथम वाटले. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करून पाहिला, तरी उजेड कायम राहिला. पुढे के. एस. कृष्णन यांनाही तेच दिसले. दिवसा सरकारी खात्यात नोकरी करून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत येणारे एस. वेंकटेश्वरन यांना १९२७ च्या अखेरीस शुद्ध ग्लिसरीनमध्ये हिरवट प्रकाश स्पष्ट दिसला आणि तो ध्रुवित आहे, हेही कळले. साधी चमक तशी नसते. क्ष-किरणांच्या बाबतीत असाच बदल दाखवून देणाऱ्या कॉम्प्टन यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातही तसेच काही घडत असावे, हा विचार रामन यांच्या मनात पक्का झाला.

फेब्रुवारी १९२८ मध्ये कृष्णन यांना सोबत घेऊन रामन यांनी झपाट्याने प्रयोग केले. २८ फेब्रुवारीला आशूबाबूंनी मांडणी करून दिली आणि विखुरलेला प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला गेला. मूळ प्रकाशाच्या रंगापासून निराळा, मध्ये काळा पट्टा सोडून उमटलेला दुसरा रंग त्यात स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांना बातमी देण्यात आली. ३१ मार्चच्या ‘नेचर’मध्ये रामन आणि कृष्णन यांचे टिपण प्रसिद्ध झाले.

घडते ते असे. प्रकाशाचा कण रेणूवर आदळून विखुरतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची ऊर्जा होती तेवढीच राहते. परंतु फार क्वचित, ढोबळमानाने सुमारे एक कोटी कणांतून एखाद्या वेळी, तो कण रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो किंवा त्याच्याकडून घेऊन जातो. तेवढ्याने त्याचा रंग किंचित बदलतो. हा बदल रेणू कसा थरथरतो यावर अवलंबून असल्याने प्रत्येक पदार्थाचा ठसा निराळा असतो. म्हणूनच पदार्थाला हात न लावता, केवळ प्रकाश टाकून तो ओळखता येतो.

हा शोध कोणा एकाचा, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ऑस्ट्रियाचे स्मेकल यांनी १९२३ मध्ये तात्त्विक पातळीवर हे भाकीत केले होते. मॉस्कोमध्ये लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना त्याच फेब्रुवारी महिन्यात स्फटिकांमध्ये हाच परिणाम दिसला. मात्र त्यांचे वृत्त उशिरा प्रसिद्ध झाले. रामनाथन, वेंकटेश्वरन आणि विशेषतः कृष्णन यांचा वाटा मोठा होता. कृष्णन पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. १९३० चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांना मिळाले आणि शोधालाही त्यांचेच नाव राहिले. विज्ञानाचे नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. पारितोषिक आपल्याला मिळणार याची त्यांना इतकी खात्री होती, की घोषणेच्या कितीतरी आधी त्यांनी स्टॉकहोमला वेळेवर पोचण्यासाठी जहाजाची तिकिटे काढून ठेवली होती.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेला त्याकाळी सर्रास टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी तिथे प्रवेशासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या भगिनी. त्यांचे वडील आणि काका याच संस्थेचे सुरुवातीचे विद्यार्थी. गुणवत्तेत काहीच उणे नव्हते, तरी केवळ स्त्री असल्याने रामन यांनी अर्ज नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारू लागल्या. त्या मागे हटत नाहीत असे पाहून रामन यांनी अटी घालून प्रवेश दिला. पहिले वर्ष परीक्षाधीन समजले जाईल, काम समाधानकारक ठरेपर्यंत त्याला मान्यता मिळणार नाही, तसेच त्यांच्या असण्याने संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अपमानास्पद अटी होत्या. वर्षभराने रामन यांना त्यांच्या कामाची कबुली द्यावी लागली आणि संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही उघडली. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. कमला सोहोनी या नावाने पुढे त्या ख्यातनाम जैवरसायनशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या गेल्या.

ज्या माणसाला अनोळखी संस्थेने नुसत्या ठोठावण्यावर दार उघडून दिले होते, त्याने हे करावे, हे आज वाचताना खुपते आणि ते खुपलेच पाहिजे. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत काही स्त्रिया आल्या. १९४० मध्ये आलेल्या अण्णा मणी यांनी हिरे आणि माणकांवर रात्र रात्र प्रयोग केले. एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली, तरी हवामानशास्त्रात त्यांनी मोठे काम उभे केले. भौतिकशास्त्रात जागा मिळवणे रामन यांना जेवढे अवघड गेले, त्याहून कितीतरी अवघड ते या स्त्रियांना गेले.

रामन यांचा हट्टी स्वभाव अन्य ठिकाणीही नडला. जर्मनीतून परागंदा झालेले थोर शास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना त्यांनी बंगळूरला बोलावले आणि कायम ठेवून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा संस्थेत वाद पेटला. कारभाराविषयीच्या तक्रारींची चौकशी झाली आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. पुढे स्फटिकांमधील कंपनांच्या उपपत्तीवरून त्याच बॉर्न यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. रामन शेवटपर्यंत आपल्या मताला चिकटून राहिले. विज्ञानाने मात्र बॉर्न यांची बाजू ग्राह्य धरली. प्रश्न विचारण्यात निर्भय असलेला माणूस उत्तर बदलण्यास राजी नसला की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

संचालकपद गेले, तरी १९४८ पर्यंत ते तिथेच प्राध्यापक राहिले. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांनी महायुद्धाच्या काळात याच विभागात विश्वकिरणांवर काम केले. १९३४ मध्ये रामन यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची स्थापना केली होती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची रामन संशोधन संस्था उभारली. सरकारी पैसा घेतला की अहवाल आणि परवानग्या आल्या, या विचाराने त्यांनी तो टाळला आणि देणग्या व स्वतःची पुंजी यांवर संस्था चालवली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. शेवटच्या पर्वात हिरे, शिंपले, फुलांचे रंग आणि डोळ्यांची रंग ओळखण्याची क्षमता हे त्यांचे विषय होते. शाळेतील मुलांसमोर बोलणे त्यांना मनापासून आवडे. १९६८ मध्ये साराभाईंनी अहमदाबादला उभारलेल्या लोकविज्ञान केंद्राच्या प्रसंगी, ऐंशी वर्षांच्या रामन यांनी व्याख्यानाला विषय घेतला तो आकाश निळे का, हाच. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणताही धार्मिक विधी न करता संस्थेच्या बागेतच अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी एक झाड लावण्यात आले.

लेसरचा शोध १९६० मध्ये लागल्यानंतर रामन परिणामाला नवे आयुष्य मिळाले. बनावट औषधे ओळखणे, रत्नांची पारख, जुन्या चित्रांतील रंगद्रव्यांचा अभ्यास अशा कामांत तो आता वापरला जातो. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या यानावरही त्यावर चालणारी उपकरणे बसवलेली आहेत. कलकत्त्यात जो प्रकाश दिसण्यासाठी डोळे अंधाराला सरावेपर्यंत बसून राहावे लागे, त्याच्या आधारे आता परग्रहावरील खडक तपासले जातात.

भौतिकशास्त्र शिकून करणार काय, हा प्रश्न आजही विचारला जातो. १९०७ च्या तुलनेत त्याला उत्तरे पुष्कळ आहेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, पुण्यात आयसर आणि आयुका आहेत, नारायणगावजवळ महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. वैद्यकीय उपकरणांपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत अनेक क्षेत्रांना भौतिकशास्त्रज्ञ लागतात. तरीही ज्याला निराळी नोकरी पत्करावी लागते, त्याने प्रश्न सोडून देण्याचे कारण नाही, हे रामन यांच्या पहाटेच्या चार तासांनी दाखवून दिले आहे. जो दार ठोठावतो, त्याच्यासाठी ते उघडणारा कोणी असावा लागतो, हेही तितकेच खरे. आशूबाबूंनी ते रामन यांच्यासाठी उघडले होते. कमलाबाईंना मात्र ते स्वतःच ढकलून उघडावे लागले.